काकांना खरे कारण कसे सांगू?

वाचकाचे पत्र

मी नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीतील पंचेचाळीस माणसांच्या एका कारखान्यात क्वालिटी विभाग सांभाळते. आम्ही गाड्यांचे सुटे भाग मशीन करून देतो. येथे मला नऊ वर्षे, चार महिने आणि वर काही दिवस झाले. मालकांना मी पहिल्यापासून काका म्हणते. त्यांनी मला मुलीसारखे वागवले, बाळंतपणात सहा महिने पूर्ण पगार दिला, आणि टाळेबंदीत मशीन बंद असतानाही कोणाचा पगार थांबवला नाही. आता त्यांचा मुलगा कारभार पाहतो आणि माझ्या कामात पुढे शिकण्यासारखे काही उरलेले नाही. अंबडच्या एका मोठ्या कंपनीने मला पुरवठादारांची गुणवत्ता तपासण्याच्या कामासाठी निवडले आहे. ती कंपनी आमचीच सर्वांत मोठी ग्राहक आहे. त्यांना मी तीस दिवसांत हवी आहे, पण माझ्या नेमणूकपत्रात साठ दिवसांची नोटीस आहे. शिवाय दोन वर्षे कोणत्याही ग्राहकाकडे किंवा स्पर्धकाकडे नोकरी करायची नाही, असेही कलम आहे. आमचे आयएटीएफचे, म्हणजे वाहन उद्योगातील गुणवत्ता प्रमाणपत्राचे, ऑडिट सात आठवड्यांवर आले आहे. सासूबाईंच्या आजारपणामुळे घरी थांबणार आहे, असे सांगून निघावे, असा सल्ला मैत्रिणी देतात. मी काय करू?

उत्तर

सप्रेम नमस्कार.

सासूबाईंचे आजारपण सांगू नका. तुमच्या पत्रातील बाकीच्या प्रश्नांना दोन बाजू आहेत आणि त्यांचा विचार पुढे करू, पण या एका प्रश्नाला मला दुसरी बाजू दिसत नाही.

सुमारे तीस वर्षांपूर्वी हे मी स्वतः केले आहे. एका लहान कारखान्यात मी पर्सोनेलचे काम पाहत होतो. दुसरीकडे चांगली संधी आली, आणि मालकांसमोर उभे राहून तसे सांगण्याचे धैर्य न झाल्यामुळे राजीनाम्यात वडिलांच्या प्रकृतीचे कारण लिहिले. मालकांनी नोटीस माफ केली, वर पैशांची गरज असल्यास संकोच करू नका, असे सांगितले. पुढच्या रविवारी सकाळी ते मोसंब्यांची पिशवी घेऊन आमच्या घरी आले. दार वडिलांनीच उघडले. ते नुकतेच फिरून आले होते. मालकांनी एक शब्दही विचारला नाही. चहा घेतला, वडिलांशी पावसापाण्याचे बोलले आणि पिशवी ठेवून निघून गेले. त्यानंतर आम्ही कितीतरी वर्षे एकाच वसाहतीत होतो आणि ते भेटले की नीट बोलत, परंतु एखाद्या गरजू मुलासाठी त्यांच्याकडे शब्द टाकावा, असे मला पुन्हा कधी वाटू शकले नाही. ती वाट मीच बंद केली होती.

तुमच्या बाबतीत तर खोटे कारण महिनाभरही टिकणार नाही. तुम्ही जाणार ती कंपनी काकांची ग्राहक आहे. तिथल्या पहिल्या आठवड्यातच एखाद्या मेलवर, एखाद्या मीटिंगच्या यादीत किंवा रिजेक्शनच्या रिपोर्टवर तुमचे नाव त्यांच्यापुढे येईल. त्या दिवशी तुम्ही नोकरी बदलली याचे त्यांना वाटेल त्याहून अधिक, आपल्याला फसवून गेली याचे वाटेल, आणि तसे वाटण्यात त्यांची काही चूक असणार नाही.

तुमच्या मनावरचे ओझे मला समजते, तरी काकांनी जे जे दिले त्यात हक्क कोणता आणि माया कोणती, हे एकदा वेगळे करून पाहावे, असे मी सुचवेन. बाळंतपणाची सव्वीस आठवड्यांची पगारी रजा हा २०१७ सालच्या दुरुस्तीपासून दहा किंवा अधिक माणसांच्या आस्थापनेत काम करणाऱ्या स्त्रीचा कायदेशीर हक्क आहे. ती देताना त्यांनी खळखळ केली नाही, हे त्यांच्या सरळपणाचे लक्षण जरूर आहे, पण ते तुमच्यावरचे कर्ज नव्हे. टाळेबंदीत माल जात नसताना पंचेचाळीस घरांची चूल पेटती ठेवणे, ही मात्र खरोखरच माया होती, आणि तिची जाण तुम्ही ठेवता, हे मला फार मोलाचे वाटते. परंतु ती जाण जन्मभर त्याच खुर्चीवर बसून राहण्याने व्यक्त होत नाही. ती व्यक्त करायला तुमच्या हाती साठ दिवस आहेत, आणि या उत्तरातील माझे मुख्य सांगणे त्या साठ दिवसांविषयीच आहे.

तीस दिवसांत निघण्याचा विचार सोडून द्या. ऑडिट सात आठवड्यांवर आहे, म्हणजे आज राजीनामा दिला तरी ते तुमच्या नोटीसच्या मुदतीत पार पडते. पुरवठादाराला आयएटीएफ १६९४९ चे प्रमाणपत्र टिकवणे किती गरजेचे असते, हे तुम्हाला मी सांगायला नको. त्याच्या तोंडावर क्वालिटीची जबाबदार व्यक्ती निघून गेली, तर त्याची झळ मालकापेक्षा मशीनवरच्या माणसांना आधी लागते. यात तुमचा स्वतःचाही एक लाभ आहे. ग्रॅच्युइटी मोजताना पूर्ण वर्षांनंतरचा काळ सहा महिन्यांहून अधिक असेल, तर तो पूर्ण वर्ष धरतात. तीस दिवसांत निघालात तर तुमची नऊ वर्षे धरली जातील. साठ दिवस पुरे केलेत तर सेवा साडेनऊ वर्षांच्या थोडी पुढे जाईल आणि दहा वर्षे धरली जातील. नेमणुकीची तारीख पाहून हे दिवस मोजा, आणि एक-दोन दिवस कमी पडत असतील तर शेवटची तारीख तेवढी पुढे मागून घ्या.

हे साठ दिवस नव्या कंपनीकडून मागायचे आहेत, आणि तेही काकांकडे जाण्याच्या आधी. सही-शिक्क्याचे नेमणूकपत्र हाती येईपर्यंत, वैद्यकीय तपासणी आणि पूर्वेतिहासाची पडताळणी पुरी होईपर्यंत जुन्या ठिकाणी एक शब्दही काढू नये. तोंडी होकारावर राजीनामा देऊन दोन्ही घरचे पाहुणे उपाशी राहिल्याची उदाहरणे मी पुष्कळ पाहिली आहेत. नव्या कंपनीला स्पष्ट लिहा की नेमणूकपत्रातील मुदत पाळणे हे तुमचे कर्तव्य आहे, त्या काळात महत्त्वाचे ऑडिट आहे, आणि म्हणून रुजू होण्याची तारीख एक महिना पुढे हवी. पुरवठादारांच्या शिस्तीवर ज्या खात्याचे काम चालते, त्याला ही मागणी गैर वाटू नये. नोटीसचे उरलेले दिवस पैसे भरून सोडवून घेण्याचा, म्हणजे बायआउटचा, प्रस्ताव ते कदाचित मांडतील. तुमच्या परिस्थितीत तो स्वीकारू नये, असे माझे मत आहे.

त्याच पत्रव्यवहारात दुसरी गोष्ट विचारून घ्या. खरेदीदार आणि पुरवठादार यांच्या करारात एकमेकांची माणसे नोकरीवर घेऊ नयेत, अशी अट पुष्कळदा असते. तशी अट असल्यास काकांची लेखी संमती घेणे हे नव्या कंपनीचे काम आहे; ते तुमच्यावर ढकलले जाऊ नये आणि तुम्ही रुजू झाल्यानंतर उघडकीस येऊ नये.

तुमच्या नेमणूकपत्रातील दोन वर्षांच्या बंदीने तुम्ही घाबरला आहात. भारतीय करार कायदा, १८७२ याच्या कलम २७ नुसार एखाद्याला कायदेशीर व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार त्या मर्यादेपुरता निरर्थक ठरतो, आणि नोकरी संपल्यानंतरच्या अशा बंदीला आपल्या न्यायालयांनी सहसा थारा दिलेला नाही. मात्र नोकरीच्या मुदतीतील बंदी निराळी. टायरचा धागा बनवणाऱ्या कल्याणच्या एका कारखान्यातील शिफ्ट सुपरवायझर पाच वर्षांचा करार अर्धवट सोडून राजस्थानातील स्पर्धक कंपनीत गेले होते. कराराच्या उरलेल्या मुदतीपुरती त्यांच्यावरची बंदी सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये उचलून धरली. कारखान्याची गुपिते उघड न करण्याचे बंधनही वेगळे आहे आणि ते नोकरी सुटल्याने सुटत नाही. तुमचे पत्र एकदा कामगार कायदा जाणणाऱ्या वकिलाला दाखवा, परंतु त्या कलमाच्या धाकाने संधी सोडू नका.

आता ज्या प्रश्नाबद्दल तुम्ही विचारले नाही, पण जो मला सर्वांत अवघड वाटतो, त्याकडे येतो. उद्या तुम्ही पुरवठादारांच्या ऑडिटला जाल आणि त्या पुरवठादारांत काकांचा कारखाना असेल. कोणते फिक्श्चर, म्हणजे मशीनवर नग पकडून ठेवणारी चौकट, पाचशे नगांनंतर सरकते, कोणत्या गेजचे, म्हणजे मापाच्या साधनाचे, कॅलिब्रेशन दोनदा उशिरा झाले, कोणत्या तक्रारीचा ८डी रिपोर्ट, म्हणजे तक्रारीचे कारण आणि उपाय नोंदवणारा अहवाल, मूळ कारण न सापडताच घाईने बंद केला गेला, हे सगळे तुम्हाला आतून ठाऊक आहे. ते वापरले तर काकांचा विश्वासघात होतो, आणि जाणूनबुजून नजरेआड केले तर नव्या कंपनीचा होतो. मधला मार्ग तुम्हाला एकटीला काढता येणार नाही. म्हणून नव्या साहेबांना रुजू होण्याआधीच मेल लिहा: अमुक पुरवठादाराकडे मी नऊ वर्षे काम केले आहे, तेव्हा निदान पहिले वर्षभर त्यांचे ऑडिट, गुणांकन आणि रिजेक्शनचे निर्णय दुसऱ्या सहकाऱ्याकडे द्यावेत, ही विनंती. हे तोंडी बोलून भागणार नाही, कारण साहेब बदलतात आणि कागद राहतो. तुम्ही ते लिहिले आहे, हे काकांनाही सांगा. मुलीसारखी वागवलेली व्यक्ती आपली उणी दुणी घेऊन समोरच्या बाजूला बसणार, ही त्यांच्या मनातील पहिली भीती असेल आणि बहुधा ते ती बोलून दाखवणार नाहीत.

तेथील ज्या त्रुटी आज तुमच्या हातून दुरुस्त होऊ शकतात, त्या जाण्यापूर्वी दुरुस्त करा. सरकणाऱ्या फिक्श्चरबद्दल लेखी टिपण द्या आणि गेजची यादी अद्ययावत करा. नंतर मौन पाळावे लागेल अशा गोष्टी जितक्या कमी उरतील तितके बरे.

काकांना सांगण्याची वेळ नीट निवडा. महिनाअखेर, डिस्पॅचची घाई आणि ग्राहक येण्याचा दिवस हे तिन्ही टाळा. पहिली पाळी सुटल्यावर, केबिनमध्ये ते एकटे असताना जा. त्यांच्या घरी जाऊन सांगू नये, कारण तेथे काकूंसमोर त्यांना मालक म्हणून बोलता येणार नाही. व्हॉट्सॲपवर तर मुळीच सांगू नये, आणि मुलाला आधी सांगून निरोप पाठवू नये. बोलणे लांबवण्याचीही गरज नाही. ‘काका, मी नोकरी सोडते आहे. अंबडला आपल्या ग्राहक कंपनीत पुरवठादारांच्या क्वालिटीचे काम मिळाले आहे. हे तुम्हाला दुसऱ्या कोणाकडून कळू नये, म्हणून आधी तुमच्याकडे आले. साठ दिवस पूर्ण करीन, ऑडिट करून देईन, आणि माझ्या जागी कोणाला तयार करायचे ते तुम्ही सांगा.’ एवढे बोलून थांबा. मग त्यांना बोलू द्या, किंवा गप्प राहायचे असेल तर गप्प राहू द्या. आभार जरूर माना, पण दुसऱ्या एखाद्या दिवशी. राजीनाम्याच्या वाक्याला जोडून मानलेले आभार त्या क्षणी त्यांना सांत्वनासारखे लागतील.

मुलाच्या कारभाराविषयी मात्र काही बोलू नका, त्यांनी विचारले तरीही. ‘आता नवे काम शिकायचे आहे’ हे खरे आहे आणि पुरेसे आहे. सगळेच सांगितले पाहिजे, असा आग्रह खरेपणा धरत नाही.

राजीनामा पाच ओळींचा असावा: पद, राजीनामा देत असल्याचे विधान, आजची तारीख, नोटीसनुसार शेवटचा दिवस आणि काम हस्तांतरित करण्याची तयारी. कारणे आणि तक्रारी त्यात नकोत. छापील प्रतीवर पोच घ्या आणि त्याच दिवशी मेलही करा, कारण पुढे तारखेचा प्रश्न निघाला तर हा एकच कागद बोलतो.

दोन गोष्टींची मनाशी तयारी ठेवा. पहिली, काका पगार वाढवून देतो म्हणतील. तुमची अडचण केवळ पगाराची असती, तर ती त्यांच्याकडे आधी मांडणे हे तुमचे काम होते आणि मी तसेच सांगितले असते. पण तुम्हाला काम अपुरे पडते आहे, आणि पगार वाढल्याने काम वाढत नाही. तेव्हा ‘विचार करून सांगते’ असे म्हणून त्यांना आशेवर ठेवू नका, त्याच वेळी नम्रपणे नाही म्हणा. दुसरी, ते रागावतील आणि उद्यापासून येऊ नका म्हणतील. तसे झाले तर उलट बोलू नका. ‘माझी साठ दिवस काम करण्याची तयारी आहे’ एवढे त्याच संध्याकाळी मेलने कळवा आणि दोन दिवस वाट पाहा. माझ्या अनुभवात असा राग बहुधा दुसऱ्या दिवशीच्या चहापर्यंत उतरतो. नाहीच उतरला, तर त्या मेलमुळे तुम्ही काम टाकून गेलात, असे कोणाला म्हणता येणार नाही.

साठ दिवसांतील पहिले दहा दिवस फक्त लिहिण्यासाठी ठेवा. कंट्रोल प्लॅन (कोठे काय तपासायचे याचा आराखडा) आणि पीपॅपच्या (नव्या भागाला ग्राहकाची मंजुरी घेण्याच्या) फाइली कोठे आहेत हे कोणीही शोधून काढील. पण ग्राहकाच्या पोर्टलचा पासवर्ड कोणाच्या नावावर आहे, कोणत्या भागाचे बोअर, म्हणजे आतले भोक, सकाळी थंड मशीनवर मोजले तर वेगळे येते, कोणत्या व्हेंडरच्या प्लेटिंगची जाडी दरवेळी पुन्हा तपासावी लागते, हे केवळ तुमच्या डोक्यात आहे. ते कागदावर उतरवा. उरलेल्या दिवसांत बदली माणसाला करू द्या आणि तुम्ही बाजूला उभ्या राहा. ऑडिटच्या दिवशीही उत्तरे त्यानेच द्यावीत.

बरोबर नेताना नेमणूकपत्र, पगारवाढीची पत्रे, पगाराच्या पावत्या, आयकराची प्रमाणपत्रे आणि प्रशिक्षणाचे दाखले, एवढेच तुमचे आहे. ड्रॉइंग, फॉरमॅट, दरपत्रक किंवा तपासणीचे तक्ते, मग ते तुम्ही स्वतः रात्री जागून बनवलेले का असेनात, कंपनीचे आहेत. ते स्वतःच्या मेलवर पाठवू नका. खासगी फोनवरच्या ग्राहकांच्या ग्रुपमधून शेवटच्या दिवशी, दुसऱ्याला जोडून देऊन, बाहेर पडा.

पैशांबद्दल विचारायला तुम्ही संकोचता, असे पत्रावरून दिसते, म्हणून ते मीच लिहितो. पाच वर्षांची सलग सेवा झाल्यामुळे ग्रॅच्युइटी तुमचा हक्क आहे. शेवटच्या वेतनाला २६ ने भागून १५ ने गुणायचे आणि सेवेच्या वर्षांनी पुन्हा गुणायचे. उदाहरणादाखल मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून २६,००० रुपये असतील, तर एका वर्षाचे १५,००० आणि दहा वर्षांचे १,५०,००० रुपये होतात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रमसंहितांत वेतनाची व्याख्या बदलली आहे; वेतनातून वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक असल्यास वरचा भाग वेतनात धरावा लागतो, तेव्हा हिशेब करणाऱ्याला तेवढे विचारा. ग्रॅच्युइटी देय झाल्यापासून तीस दिवसांत द्यायची असते, आणि राजीनाम्यानंतरचा उरलेला पगार वेतन संहितेनुसार दोन कामाच्या दिवसांत. हे तुम्ही काकांकडे मागायला जाणे बरे दिसणार नाही असे वाटत असेल, तर अकाउंट्समध्ये लेखी अर्ज द्या. हक्काची रक्कम अर्जाने मागण्यात कृतघ्नपणा नाही.

भविष्य निर्वाह निधी काढू नका. यूएएन, म्हणजे निधीचा तुमचा कायमचा क्रमांक, तोच ठेवून खाते नव्या कंपनीकडे वर्ग करा. त्यातील पेन्शनच्या भागाला तर हातच लावू नका, कारण पेन्शनचा हक्क दहा वर्षांच्या सेवेने मिळतो आणि तुम्ही त्याच्या उंबरठ्यावर आहात. नव्या नोकरीतील काळ त्यात मिळवला जाईल. नोकरी सोडल्याची तारीख जुन्या कंपनीने ऑनलाइन नोंदवली की नाही, ते पाहा. राहून गेली तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी तुम्हालाही ती नोंदवता येते. चालू आर्थिक वर्षातील येथला पगार आणि कापलेला कर नव्या कंपनीला कळवा, नाहीतर प्रमाणित वजावट दोन्हीकडे धरली जाऊन वर्षाच्या शेवटी एकदम कर भरावा लागेल. अनुभवपत्र आणि कार्यमुक्तीचे पत्र शेवटच्या दिवशीच हाती घ्या.

पत्राच्या तळाशी तुम्ही एक ओळ लिहिली होती, जी जागेअभावी वर छापता आली नाही: पहिल्या वर्षी मायक्रोमीटर धरायला शिकवणारे ऑपरेटर नाना अजून त्याच लेथवर आहेत आणि त्यांना कसे सांगावे हेही कळत नाही. काकांशी बोलून झाले की त्याच दिवशी, नोटीस बोर्डावर काही लागण्याआधी, चहाच्या सुट्टीत नानांच्या मशीनपाशी जा आणि त्यांना तुम्हीच सांगा.